पावणेतीनच्या कप्प्याचं गूढ

भिंगसाहेबांचं भिंगसाहेबांबद्दल फार चांगलं मत होतं, आणि ते मत ते कोणापासून लपवून ठेवत नसत. आपल्यासारखी नजर शतकात एखाद्यालाच मिळते, असं ते म्हणत. आणि शतक अजून बरंच शिल्लक असल्यामुळे कोणी वाद घालत नसे. माणूस दारातून आत आला की तो कुठून आला, कशाने आला आणि कोणाशी भांडून आला, हे आपण नुसत्या बुटांवरून सांगतो, असा त्यांचा दावा होता. सांगितलेलं सहसा चुकायचं. पण ते इतकं ठासून सांगत, की समोरच्यालाच क्षणभर वाटे, आपण कुठून आलो ते आपणच विसरलो असू.

'भिंग' हे नाव त्यांना ऑफिसने दिलं होतं. आपल्याला बारीकसारीक दिसतं म्हणून दिलं, असं ते समजून चालत. ऑफिसच्या मनात एवढंच होतं, की भिंगाखाली मुंगी धरली तरी ती केवढी तरी दिसते. पुढचं 'साहेब' त्यांनी स्वतः लावून घेतलं होतं. हजेरीच्या वहीत मात्र त्यांच्यापुढे 'सॉफ्टवेअर तपासनीस' एवढंच लिहिलेलं होतं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामची बटणं दाबून बघायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. यातला 'तपास' तेवढा त्यांनी उचलला होता.

ऑफिस गाद्यांच्या दुकानाच्या वर होतं. चार टेबलं, एक केबिन, आणि कोपऱ्यात अखंड घुरघुरणारं एक मोठं मशीन. इथे चष्म्याच्या धंद्याला लागणारे प्रोग्राम तयार होत. मालकीण भिंगसाहेबांची सख्खी थोरली बहीण. घरात ती ताई होतीच. ऑफिसातही सगळे तिला ताईच म्हणत. कंपनी काढण्याआधी तिने वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे काढली होती, आणि ती वीस वर्षं तिच्या अंगात मुरली होती. त्यामुळे तिच्या कंपनीत प्रोग्रामच्या आवृत्त्यांना एक, दोन, तीन असे नंबर पडत नसत. चष्म्याच्या नंबरासारखे पडत. सव्वा, दीड, पावणेदोन, दोन; पाव-पावाने पुढे.

शिवाय त्या नंबरांना चिन्हंही असत. दुकानदारांच्या प्रोग्रामला अधिकचं, कारण दुकानात गिऱ्हाइकांची भर पडते. काचा घासणाऱ्या कारखान्याच्या प्रोग्रामला वजाचं, कारण तिथे काच घासून कमी होते. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगताना ताईचा चेहरा फुलून यायचा आणि बाहेरच्या माणसाचा कोमेजायचा. बोलताना मात्र चिन्ह कोणी उच्चारत नसे. कोण कशावर काम करतंय हे चार माणसांत सगळ्यांना ठाऊक असतं. 'पावणेतीन झालं का?' 'होतंय.' एवढ्यावर भागायचं.

त्या दिवशी सकाळी दहाला ताईने त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"आज पाच वाजता कारखान्याचे काका येतायत," ती म्हणाली. "लेबल अजून उलटंच छापतंय."

ते लेबल म्हणजे चष्म्याच्या काचांबरोबर जाणारी चिठ्ठी. उजव्या डोळ्याची काच कुठली आणि डाव्याची कुठली, हे तिच्यावर चित्र काढून दाखवलेलं असतं. दुकानात गिऱ्हाईक समोर बसतं, त्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो, म्हणून दुकानाचा प्रोग्राम चित्र तसं छापतो. कारखान्यात समोर कोणी नसतं. तिथे चष्मा घालणाऱ्याच्या बाजूने बघतात, म्हणून चित्र फिरवून हवं. गेल्या आठवड्यात एका बाईंच्या काचा या घोळात अदलाबदल होऊन गेल्या होत्या, आणि त्या जिन्यावरून पडता पडता वाचल्या होत्या. चित्र फिरवायचं काम नवीकडे होतं.

नवी आठ महिन्यांपूर्वी आली होती. तिच्यानंतर कोणी आलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली.

"चार वेळा ती म्हणाली, झालं," ताई म्हणाली. "चार वेळा मी छापून बघितलं, नाही झालेलं. एखादीचं चुकतं, त्याचं काही नाही. पण न करता केलं म्हणणारं माणूस मला नको. आपल्या धंद्यात लोकांचे डोळे आहेत. तिचं कायम केल्याचं पत्र मी टाइप करून ठेवलंय. पाच वाजता काकांसमोर बरोबर छापलं तर सही करते. नाही तर उद्यापासून तिने येऊ नये."

"तपास माझ्याकडे सोपव," भिंगसाहेब म्हणाले.

"तपास कसला? तू रिकामा आहेस, जरा बघ, एवढंच म्हणतेय मी."

"तेच ते."

"नाही रे. तेच ते नाही."

नवी आपल्या टेबलाशी बसली होती. डोळे लाल होते, पण बोटं थांबली नव्हती. भिंगसाहेबांनी खुर्ची ओढली आणि तिच्या चपलांकडे बराच वेळ बघितलं.

"बसने आलीस. उभी राहून."

"मी समोरच्या इमारतीत राहते, सर."

"म्हणजे रस्ता ओलांडताना उभी राहिली असशील," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. "आता सगळं पहिल्यापासून सांग."

सांगण्यासारखं फार नव्हतं. तिच्या स्वतःच्या संगणकावर लेबल बरोबर येत होतं. तिने छापून दाखवलं. तोच प्रोग्राम कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनवर तयार केला, म्हणजे बिल्ड केला, की उलटा. आणि गिऱ्हाइकाला जायचा तो मोठ्या मशीनवरचाच. कागदावरून बघणाऱ्याला ती खोटं बोलतेय असंच वाटणार, हे तिलाही कळत होतं.

"सर, हा नंबर सोडून सरळ पुढचा, तीनचा बिल्ड करून बघू का? नंबर बदलला की कदाचित..."

"खबरदार. घटनास्थळावरची टाचणीसुद्धा हलवायची नाही."

"पण एकदाच..."

"पुराव्याशी छेडछाड म्हणतात याला."

तिने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. सकाळचे साडेदहा वाजले होते. पुढे जे कळलं त्यावरून एक गोष्ट इथेच नमूद करायला हवी. तिला त्या वेळी बोलू दिलं असतं, तर हे प्रकरण सव्वाअकराला मिटलं असतं, सगळ्यांनी वेळेवर जेवण केलं असतं, आणि भिंगसाहेबांची अब्रू जशी होती तशी, म्हणजे थोडीशी, शिल्लक राहिली असती.

त्याऐवजी त्यांनी सापळा लावला. नवीने लेबलाच्या कोपऱ्यात एक बारीक तारा घालायचा. भिंगसाहेब खांद्यामागे उभे राहून बघणार. तारा घातला, बदल पाठवला, मोठ्या मशीनवर बिल्ड चालू केला. एरवी चाळीस मिनिटं घेणारं मशीन सात मिनिटांत मोकळं झालं. लेबल उलटं होतं. तारा नव्हता.

"सात मिनिटं," भिंगसाहेब हळूच म्हणाले. "गुन्हेगार घाबरला की घाई करतो."

पण तारा घालताना आणि पाठवताना त्यांनी तिला डोळ्यांनी बघितलं होतं, आणि हे एक तेवढं त्यांना बुटांवरून काढावं लागलं नव्हतं. त्यांनी खुर्ची तिच्या जवळ सरकवली. "तू खोटं बोलत नाहीयेस," ते म्हणाले. नवीने मान खाली घातली आणि ओढणीने चष्मा पुसत बसली. गेल्या तीन दिवसांत हे वाक्य तिला कोणी म्हटलं नव्हतं.

ती खोटं बोलत नाही म्हणजे दुसरं कोणीतरी नक्कीच बोलतंय, असा निष्कर्ष त्यांनी लगेच काढला. ऑफिसात चौथा माणूस एकच होता. मशीनं, वायरी आणि प्रिंटर सांभाळणारा. कुठलीही तक्रार नेली तरी तो 'प्लग काढून परत लावा' म्हणायचा, म्हणून त्याला प्लगच म्हणत. मोठ्या मशीनची किल्ली त्याच्याकडे. जुनं काम परत आणून ठेवणं त्याच्या डाव्या हाताचा मळ. भिंगसाहेबांनी त्याला जिन्यात गाठलं.

"अकरा ते सव्वाअकरा तू कुठे होतास?"

"तुमच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, तो काढत होतो."

"साक्षीदार?"

"तुम्हीच की. टॉर्च तुम्ही धरला होता."

भिंगसाहेबांनी वहीत 'टॉर्च' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. प्लगला त्यांनी सोडून दिलं, पण नजरेआड करणार नाही असं बजावलं. प्लग म्हणाला, ठीक आहे, मी जेवायला बसतोय, नजर ठेवायची तर डबा घेऊन या.

जेवताना त्यांच्या लक्षात आलं, की मोठ्या मशीनवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. त्यांनी घास खाली ठेवला. यंत्र भूतकाळात जगतंय. नवीने केलेलं काम त्याच्या दृष्टीने अजून झालेलंच नाही! हे बोलून झाल्यावर त्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. प्लगने डाव्या हाताने घड्याळ बरोबर केलं आणि भाजी संपवली. परत बिल्ड झाला. सात मिनिटं. उलटं. तारा नाही.

"सर," नवी म्हणाली, "तो तीनचा..."

"नाही."

अडीच वाजता ते खिडकीशी उभे असताना समोरच्या इमारतीच्या काचेत उमटलेल्या खालच्या गाद्यांच्या दुकानात त्यांना एक माणूस दिसला. काचेजवळच्या गादीवर उताणा पडून तो थेट वर बघत होता. वर, म्हणजे यांच्या ऑफिसच्या फरशीकडे. पंधरा मिनिटांनी बघितलं, तरी तो तसाच. गादी घेणारा माणूस कूस बदलून बघतो, हा नाही. प्रतिस्पर्धी कंपनीचा हेर! भिंगसाहेब दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेले आणि संशय येऊ नये म्हणून शेजारच्याच गादीवर आडवे झाले. हेराने डोळे मिटले होते. भिंगसाहेबांनीही, त्याला फसवण्यासाठी, मिटले.

"साहेब," दुकानदार त्यांचा खांदा हलवत होता, "ही पसंत आहे का? तासभर झोपलात म्हणून विचारतो."

शेजारची गादी रिकामी होती. तो माणूस पसंतीची गादी बांधून घेऊन कधीच गेला होता. घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. भिंगसाहेब एकेक पायरी करत जिना चढले, आणि ते झोपेमुळे नव्हे. तपास जमत नाही याचं त्यांना फारसं कधी वाईट वाटत नसे. जमण्याची त्यांना सवयच नव्हती. पण वर एक मुलगी त्यांच्या भरवशावर दिवसभर बसली होती, आणि तिच्यासाठी ते एक डुलकी काढून परत आले होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

वर कारखान्याचे काका तासभर आधीच येऊन बसले होते. चाळीस वर्षं काचा घासून त्यांच्या नखांत पांढरी भुकटी कायमची बसलेली. ताई केबिनमध्ये फोनवर होती. बाकीचे मोठ्या मशीनसमोर. नवीच्या टेबलावरची पाण्याची बाटली आणि छत्री तिने आधीच पिशवीत भरलेली भिंगसाहेबांना दिसली.

"काय भानगड आहे हो ही?" काकांनी विचारलं.

सांगण्यासारखं काही नसलं की भिंगसाहेब ते सविस्तर सांगत. "त्याचं असं आहे काका. प्रोग्रामचे बरेच भाग असतात. प्रत्येक वेळी सगळे नव्याने करायचे तर चाळीस मिनिटं जातात. म्हणून एकदा केलेले भाग मशीन एका कपाटात ठेवून देतं. संगणकवाले त्याला कॅशे म्हणतात, आम्ही कपाटच म्हणतो. कपाटाला कप्पे. प्रत्येक कप्प्यावर आवृत्तीच्या नंबराची चिठ्ठी. पुढच्या वेळी त्या नंबराचा कप्पा दिसला, की मशीन आतला तयार भाग उचलतं. हा बघा, पावणेतीनचा कप्पा." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. तिथे २७५ असं लिहिलेलं होतं.

काका पुढे वाकले. "अधिक की वजा?"

प्लगने वाकून पडद्यावर चिन्ह शोधलं.

"नुसतं पावणेतीन काय?" काका म्हणाले. "आमच्याकडे ट्रेवर कोणी नुसता नंबर लिहून पाठवला, तर मी काच हातात घेत नाही. ट्रे तसाच परत. चिन्ह आधी, मग नंबर. नाही तर अधिकची काच वजावाल्याच्या डोळ्यावर बसायची."

नवी इतक्या झटकन खाली बसली, की खुर्ची मागे गेली. तिने कप्पा उघडला. "हा गेल्या महिन्यातला आहे," ती म्हणाली. "हा दुकानाचा. अधिक पावणेतीनचा. वजाला कप्पाच नाहीये. माझा बिल्ड लागला, की मशीन म्हणतं, पावणेतीन आहे की तयार, आणि दुकानाचं लेबल उचलून देतं. माझं काम आत शिरतच नाही." ती मोठ्या मशीनकडे वळली. "म्हणून सात मिनिटं."

अधिकला पावणेतीनपर्यंत पोचायला अकरा वर्षं लागली होती. वजाची मालिका नवीने आठ महिन्यांपूर्वी पावापासून सुरू केली आणि पाव-पावाने धावत अधिकला गाठलं. जुने कप्पे दर तीन महिन्यांनी साफ होत, त्यामुळे दोन सारखे नंबर आजवर कपाटासमोर आलेच नव्हते. ती सावकाश काम करणारी असती तर हे घडलंच नसतं.

"पण चिठ्ठीवरचं चिन्ह गेलं कुठे?" प्लगने विचारलं.

भिंगसाहेबांनी वही मिटली. कपाटाच्या चिठ्ठ्या लिहिणारी फाइल कुठे असते, हे त्यांना एकट्याला माहीत होतं. ते गुपचूप आपल्या टेबलाशी गेले आणि ती उघडली. आठ ओळी. नऊ वर्षांपूर्वी अधिकच्या चिन्हाने मशीन अडखळायचं. पत्त्यात ते चिन्ह आलं की मशीन तिथे मोकळी जागा समजे आणि फोल्डर सापडत नसे. तेव्हा एका हुशार माणसाने उपाय केला होता. चिठ्ठीवर फक्त अंक ठेवायचे, अंक सोडून असेल ते सगळं उडवायचं. ठिपका गेला, अधिक गेलं, आणि पुढे कधी वजा जन्माला आलं, तर त्याचीही आधीच सोय झाली होती. वर एक टीप होती: 'अंक सोडून बाकी सगळा कचरा. कायमचा बंदोबस्त केला आहे. कोणी हात लावू नये.' खाली त्या हुशार माणसाचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. बुटांवरून ओळखायची गरज नव्हती.

केबिनचं दार उघडलं. ताई बाहेर आली, सगळं उभ्या उभ्या ऐकलं आणि नवीकडे वळली. "म्हणजे नंबराचा घोळ. कारखान्याचे नंबर तूच पाडतेस ना? दुकानाचा नंबर आधीच पडलाय, हे बघायचं नाही?"

"बघायला हवं होतं, ताई," नवी म्हणाली. "चुकलं माझं."

टीप पुसायला चार सेकंद लागली असती. भिंगसाहेबांचं बोट त्या बटणापर्यंत गेलंही होतं, हे लिहायला लाज वाटते, पण गेलं होतं. बाकी सगळे पाठमोरे होते. शतकातून एखाद्यालाच मिळणारी नजर त्या वेळी फक्त स्वतःच्या नावाकडे बघत होती.

"तिचं नाही चुकलं," ते म्हणाले. आवाज इतका साधा निघाला, की ताईने वळून बघितलं. "ये इकडे. वाच."

ताईने चष्मा वर सरकवून आठही ओळी वाचल्या. मग टीप. मग नाव. मग परत टीप.

"कायमचा बंदोबस्त," ती म्हणाली.

"हो."

"आणि दिवसभर तू शोधत कोणाला होतास?"

"प्लगला. घड्याळाला. आणि खाली एक गिऱ्हाईक होतं, त्याला. तिने सकाळी साडेदहाला नंबर बदलून बघू म्हटलं होतं, तेव्हाच समजलं असतं. मी करू दिलं नाही. दुपारी परत म्हणाली, तेव्हाही नाही."

नवीने त्या आठ ओळींच्या जागी अकरा लिहिल्या. आता चिन्ह उडणार नव्हतं. अधिकला 'अधिक' आणि वजाला 'वजा' अशी अक्षरं चिठ्ठीवर पडणार होती, म्हणजे मशीनही अडखळणार नव्हतं आणि काकांनाही विचारावं लागणार नव्हतं. बिल्ड लागला. सात मिनिटं झाली, मशीन थांबलं नाही. पंधरा झाली. मशीन घुरघुरत राहिलं. आपापल्या जागी जावं असं कोणाला वाटलं नाही. चाळीस मिनिटं एक मशीन चालताना बघणं यापूर्वी कोणालाच इतकं आवडलं नव्हतं. भिंगसाहेबांनी तेवढ्यात वहीत अहवाल लिहिला. फिर्यादी, नवी. निर्दोष, नवी. उकल, काका. गुन्हेगार, तपास अधिकारी. अहवाल चार ओळींत संपला. त्यांच्या कारकिर्दीतला तो सगळ्यात छोटा आणि पहिला बरोबर अहवाल होता.

पाच वाजायला पाच मिनिटं असताना प्रिंटरने लेबल बाहेर टाकलं. काकांनी ते खिडकीशी नेलं, हातातल्या चष्म्याच्या मागे धरून बघितलं, आणि मान हलवली. "उजवा उजवीकडे. हा तारा कसला?"

"पुरावा आहे," भिंगसाहेब म्हणाले.

"काढा तो. घासताना मध्ये येईल."

ताईने केबिनमधून पत्र आणलं, तिथेच उभ्याने सही केली आणि नवीच्या हातात दिलं. "मी तुला खोटारडी ठरवली होती," ती म्हणाली. "मनात नाही, तोंडाने. माझं चुकलं." नवीने पत्र नीट घडी घालून पिशवीत ठेवलं, बाटलीच्या आणि छत्रीच्या मध्ये, आणि मग बाटली आणि छत्री बाहेर काढून परत टेबलावर मांडली. हे करताना ती रडत होती आणि कोणाला दिसलं तरी तिची हरकत नव्हती.

"आणि तू," ताई भावाकडे वळली. "उद्यापासून तू हिच्या हाताखाली. ही सांगेल ते तपासायचं, ही सांगेल तेव्हा."

भिंगसाहेबांनी नवीकडे बघितलं. तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि थोडा विचार केला.

"सर, पहिलं म्हणजे मी 'एकदा करून बघू का' म्हटलं, की करून बघायचं. संशय नंतर."

"बरं, ताई," भिंगसाहेब म्हणाले.

आपण कोणाला काय म्हणालो, हे त्यांच्या थोड्या वेळाने लक्षात आलं. दोघींच्याही आलं होतं. कोणीच दुरुस्ती केली नाही.